बुसैतीनच्या पाईलचा उन्हाळा

या आठवड्यात गीझर बंद केला. बहरीनमध्ये राहणाऱ्या माणसाला उन्हाळा लागल्याचं कळतं ते असं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर उन्हात तापत पडलेलं असतं, त्यामुळे जून उजाडला की गार पाण्याच्या नळाला चटका देणारं पाणी येतं. आणि गरम पाण्याचा नळ सोडला की बंद गीझरमध्ये सावलीत विसावलेलं, त्यातल्या त्यात सोसवेल असं पाणी येतं. मग सप्टेंबर सरेपर्यंत आमच्याकडे नळावरची तांबडी खूण म्हणजे गार आणि निळी म्हणजे गरम. नवा पाहुणा पहिल्या दिवशी हमखास हात भाजून घेतो आणि आम्ही जुनी मंडळी त्याला हसून घेतो. यंदा बटण बंद केलं ते गार्गीनं, माझ्या लेकीनं, आणि दोन दिवसांनी ती सांगलीला परत गेली.

झिंजमधल्या आमच्या इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की हल्ली चष्म्यावर वाफ धरते. समुद्राचा दमटपणा आणि ऊन एकदमच अंगावर येतं. काच पुसून उपयोग नसतो, ती आपली आपण निवळेपर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ मी फुटपाथवर मुकाट्यानं उभी असते, आणि दर वर्षी तिथे उभी असताना मला तो एक उन्हाळा आठवतो.

मी पायांचं काम करते. इमारतींच्या पायांचं, हे सांगावं लागतं, कारण आमच्या सासरी एका मावशींनी बरेच दिवस मला गुडघ्यांचं औषध विचारलं होतं. त्या वर्षी बुसैतीनला, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर, एक लहानसा दवाखाना उभा राहायचा होता. खाली वाळू, तिच्याखाली खडक, आणि थोडं खणलं की खारं पाणी. अशा जागी इमारत पाईलवर उभी करतात. पाईल म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडून ओतलेला काँक्रीटचा खांब. मालक हौशी होता. त्याच्या मनात आलं की हे खांब नाहीतरी जमिनीत उभे राहणारच आहेत, तर त्यांच्याकडून आणखी एक काम करून घ्यावं.

थंड देशांत अशा पाईलच्या पोटातून नळ्या फिरवतात आणि जमिनीतली ऊब वर आणून घरं गरम करतात. आमच्याकडे कारभार उलटा. एसीनं खोल्यांतून ओढून काढलेली उष्णता आधीच भट्टी झालेल्या हवेत फेकण्यापेक्षा पाण्याबरोबर खाली जमिनीत पाठवायची. काही मीटर खाली गेलं की जमिनीला उन्हाळा-हिवाळा फारसा कळत नाही. ऑगस्टच्या हवेच्या मानानं ती चांगलीच थंड असते. हिवाळ्याचे जे काय चार दिवस मिळतात त्यांत थोडी ऊब परत वर घ्यायची. कल्पना चांगली आहे. प्रश्न एवढाच की ज्या खांबावर इमारत उभी आहे तोच असा तापत-निवत राहिला तर त्याला ते मानवतं का?

काँक्रीट तापलं की लांबतं. पाईल तापली की तिचं वरचं टोक किंचित वर सरकतं, खालचं किंचित खाली रेटतं, आणि मध्ये कुठेतरी एक जागा अशी असते जी वरही जात नाही आणि खालीही जात नाही. भोवतालची माती पाईलला धरून असते, त्यामुळे मोकळी असती तर जितकी लांबली असती तितकी ती लांबू शकत नाही. जेवढं लांबणं अडतं, तेवढ्याचा दाब होऊन तो तिच्या आत बसतो. निवली की ती आखडते. बहुतेक वेळा जागेवर येते, पण पुन्हा पुन्हा तापवली आणि निववली तर तसूभर खाली बसण्याची शक्यता असते. हे सगळं जमिनीगणिक बदलतं. म्हणून दवाखान्याच्या आधी एक जास्तीची पाईल नुसती परीक्षेसाठी ओतायची, तिच्या अंगात ताण आणि तापमान मोजणारे गेज बसवायचे, आठवडेच्या आठवडे तिच्यातून गरम पाणी फिरवायचं आणि ती काय करते ते बघत बसायचं. हे बघत बसण्याचं काम माझ्याकडे आलं.

निखिल, माझा नवरा, अकाउंटंट आहे. पाईल वर सरकते म्हणजे किती, असं त्यानं जेवताना विचारलं. एखाद-दुसरा मिलिमीटर, मी म्हटलं. त्यानं भात कालवत सांगितलं की इतक्या फरकाकडे त्यांच्या ऑफिसात कुणी ढुंकून बघत नाही, किरकोळ खर्चात घालून मोकळे होतात.

जूनअखेर इथल्या शाळांना सुट्टी लागते आणि बायका-मुलं गावी निघतात. घराघरांतून बॅगा वजनकाट्यावर चढतात. म्हणजे आधी आपण काट्यावर उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. या वजाबाकीच्या निमित्तानं आपलं स्वतःचं वजन घरात सगळ्यांना कळतं. मग फ्रिज रिकामा करून नवरे मागे उरतात आणि दोन महिने खिचडी खातात. त्या वर्षी आमच्याकडे मी मागे उरले. परीक्षा सुरू झाली की मध्ये थांबवता येत नाही. निखिलनं महिन्याची रजा घेतली आणि गार्गीला घेऊन सांगलीला त्याच्या आईकडे गेला. तो महिन्यानं परतणार होता आणि गार्गी ऑगस्टअखेर, इथल्याच रिफा भागातल्या एका ओळखीच्या कुटुंबासोबत. नवरा-मुलीला धाडून ही बाई तिथे खांब तापवत बसली आहे, ही बातमी सांगलीत माझ्या सासरच्या गल्लीभर झाली.

साईटवर माझ्याबरोबर मुबीन होता. श्रीवर्धनकडचा, माझ्याच वयाचा इंजिनिअर. त्याची बायको आणि दोन मुलं गावीच असतात, तो वर्षातून एकदा जातो. ऑफिसात आम्ही इंग्रजी बोलायचो, मजुरांशी हिंदी आणि एकमेकांशी मराठी. माझ्या पुणेरी 'अहो, ऐका ना'ची तो नक्कल करायचा, आणि ती वाईट नव्हती.

पाईल किती हलली हे मोजायचं तर न हलणारं काहीतरी शेजारी लागतं. त्यासाठी पाईलपासून अंतरावर खुंट रोवून त्यांच्यावर एक लांब पोलादी बीम आडवा ठेवतात आणि मोजणारे काटे त्याच्यावर बसवतात. बीम स्वतःच उन्हानं तापला तर वाकतो, म्हणून त्याच्यावर दाट कापडाची सावली धरायची. हे सगळं आम्ही नीट केलं होतं. तरी पहिल्या आठवड्यात आकडे वेड्यासारखे यायला लागले. सकाळभर पाईल शहाण्यासारखी वर सरकायची, भर दुपारी एकदम खाली जायची आणि संध्याकाळी पुन्हा वर यायची. तापत असलेली पाईल दुपारी खाली जाईलच कशी? आम्ही पंप तपासला, गेज तपासले, तारा तपासल्या. ही पाईल दुपारची वामकुक्षी घेते बहुतेक, असं मुबीनचं म्हणणं पडलं.

उन्हाळ्यात इथे भर दुपारी बाहेरचं काम बंद ठेवावं लागतं. तेव्हा आम्ही दोघं एसी लावलेल्या केबिनमध्ये डबा खात असायचो. एक दिवस मुबीन पाण्याची बाटली विसरला म्हणून बाहेर गेला आणि मला हाक मारत परत आला. साईटवर दाट सावली अशी एकच होती, आमच्या बीमची. मजुरांसाठी पत्र्याची शेड होती, पण तिच्यात बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून ते कापडाची एक बाजू सोडून आपल्या अंगावर ओढून घेत आणि झोपत. बीम अर्धा उन्हात उघडा, आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांचे धुतलेले शर्ट ओळीनं वाळत घातलेले. काम सुरू होण्याआधी ते शर्ट काढायचे, कापड होतं तसं बांधायचे, गाठीसुद्धा तशाच. आम्ही येऊन बघावं तर सगळं जागच्या जागी. आठवडाभर आम्ही पाईलला नावं ठेवत होतो, आणि दुपारच्या उन्हात वर वाकत होता तो आमचा बीम. मुबीन हसून हसून खाली बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही मजुरांसाठी जाड कापडाचा वेगळा मांडव आणि दोन पंखे लावून घेतले, आणि आकडे शहाणे झाले.

तिकडे सांगलीत शाळा केव्हाच सुरू झाल्या होत्या. गार्गीची चुलत बहीण ऋतुजा सकाळी दप्तर घेऊन निघून जायची आणि ही दिवसभर घरात आजीच्या मागे मागे. सासूबाईंना ते बघवेना. त्या सरळ शाळेत गेल्या आणि बाईंना म्हणाल्या, परदेशातून नात आली आहे, ऋतुजाच्या वर्गात बसू दे तिला सुट्टीभर. बाई म्हणाल्या, बसू दे की. पुण्या-मुंबईबाहेर अजून असं चालतं. ना नाव पटावर, ना गणवेश. माझी मुलगी मराठी शाळेत आठवीच्या वर्गात पाहुणी म्हणून जाऊन बसली.

इथे एक सांगायला हवं. गार्गीला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर द्यायची इंग्रजीत. जेवलीस का, तर "येस आई, आय एट." या गोष्टीवरून मी किती त्रागा केला असेल त्याला गणती नाही. गोष्टींची पुस्तकं आणली, घरात इंग्रजी बोलल्यास टीव्ही बंद असा नियम केला, तो मीच आधी मोडला. बहरीनमधल्या कोणत्याही मराठी घरात ही रड ऐकायला मिळेल. आपली भाषा आपल्या पोटच्या पोरीला येऊ नये याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

आणि जुलैच्या एका संध्याकाळी तिचा फोन आला, "आई, काय करायलीस?"

मी पुण्याची. 'करायलीस' ऐकून मी एरवी भुवया उंचावल्या असत्या. त्या दिवशी मी साईटवरून परतताना गाडी कडेला घेतली आणि ऐकत राहिले. ती बोलतच सुटली होती. वर्गातल्या मुलींबद्दल, डब्यातल्या चटणीबद्दल, भूगोलाच्या सरांबद्दल. वाक्यं अडखळत होती, लिंगं चुकत होती, पण ती थांबत नव्हती. आनंदानं मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, मला इथेच राहायचंय. ऋतुजाच्या शाळेत."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी निखिल म्हणाला, की ती गंभीरपणे बोलते आहे आणि आईचीही तयारी आहे, निर्णय तू घे. मला राग आला. निखिलचा, सासूबाईंचा, त्या बाईंचा, आणि खरं तर भूगोलाच्या सरांचासुद्धा. मी गार्गीला सांगितलं की हे काही शक्य नाही, ऑगस्टअखेर ठरल्याप्रमाणे परत यायचं. ती हट्ट करेल, रडेल, अशी मी तयारी ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "फाईन, आई. नो प्रॉब्लेम."

त्यानंतर तिचे फोन इंग्रजीत यायला लागले.

घरात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. किती समजूतदार, एका शब्दात ऐकलं. निखिल रजा संपवून आला तोही म्हणाला, बघ, तू उगाच घाबरली होतीस. मीही तसंच म्हणत होते. पण तिला काय खाल्लंस विचारलं की ती काय खाल्लं ते सांगायची आणि तिथेच थांबायची. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तो हातात धरून बसायचे.

परीक्षेचा दुसरा टप्पा सुरू झाला होता. पहिल्या टप्प्यात पाईलचं डोकं मोकळं होतं. तापवलं की ती वर यायची, आणि वरच्या भागात, डोक्याजवळ, दाब फारसा साठायचा नाही. पण खरी पाईल मोकळी नसते, तिच्यावर इमारत बसलेली असते. म्हणून आम्ही तिच्यावर काँक्रीटच्या ठोकळ्यांचा ढीग रचला आणि मध्ये पोलादी तुळया घालून तिचं डोकं जागच्या जागी धरून ठेवलं. पुन्हा गरम पाणी सोडलं. मोजणारा काटा हलला नाही. मालकानं येऊन बघितलं आणि तो खूश झाला. अजिबात हलत नाही, म्हणजे उत्तमच, असं त्याला वाटलं. मी त्याला केबिनमध्ये नेऊन पडद्यावरची दुसरी रेघ दाखवली. पाईलच्या अंगातल्या गेजची रेघ दर तासाला चढत होती. बाहेरून काही दिसत नव्हतं म्हणून आत काही होत नव्हतं असं नाही. त्याला मी समजावलं, की यात घाबरण्यासारखं नाही, काँक्रीटला इतका दाब सोसतो, फक्त हा दाब हिशेबात धरायला हवा. मालक गेला. मी त्या रेघेकडे बघत बसले आणि मला माझ्या मुलीबद्दल भीती वाटली.

मी मुबीनला गार्गीचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. त्यात साखर नसते. मग म्हणाला, "ताई, माझ्या पोरांना बघायचं तर मला सुट्टी टाकायला लागते. मी मेलो नाय त्यानं. पण बरा हाय असा पण नाय." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही तिला विचारलात का, का राहायचंय ते?"

मी विचारलं नव्हतं. शक्य नाही हे सांगण्याच्या घाईत ते राहूनच गेलं होतं.

त्याच संध्याकाळी फोन लावला आणि मराठीतच विचारलं. ती आधी इंग्रजीत टाळाटाळ करू लागली. मग एकदम मराठीत बोलली, आणि ते बोलणं मला आजही शब्दनशब्द आठवतं.

"तिथे दर वर्षी कोणीतरी जातं, आई. त्यांच्या बाबांचा व्हिसा संपला की जातं. मागच्या वर्षी झोया गेली आणि श्रेया पण गेली. मी नवीन मैत्रीण करते आणि मग ती जाते. इथे माझ्या बाकावरची पोरगी पहिलीपासून त्याच शाळेत आहे. ती कुठेच जाणार नाही."

इतकी वर्षं मी मोठ्या अभिमानानं सांगत आले होते, की आमच्या मुलीला जगभरातल्या मैत्रिणी आहेत. त्या मैत्रिणींना निरोप देताना ती कधी रडल्याचं मला आठवत नव्हतं. विमानतळावर हात हलवायची, आणि गाडीत बसल्यावर एसी वाढव म्हणायची. मी तिला म्हटलं, राहा. निखिलला सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, आणि मग जाऊन तिच्या खोलीतला एसी बंद करून आला. उगाच चालू राहिला होता, म्हणाला.

दवाखाना आता उभा आहे. त्याच्या काही पाईलमध्ये अजून गेज आहेत आणि त्यांचे आकडे माझ्याकडे येतात. इमारत व्यवस्थित आहे. उन्हाळ्यात पाईल तापतात, अंगात दाब धरतात, हिवाळ्यात निवतात. एकच गोष्ट मी दर वर्षी मालकाला सांगते: इथला हिवाळा तोकडा आहे, तो उन्हाळ्याची सगळी उष्णता परत घेऊ शकत नाही, त्यामुळे खालची जमीन हळूहळू ऊन होत चालली आहे. किती वर्षं चालेल, तो विचारतो. बघत राहावं लागेल, मी म्हणते. तपासून घ्यायला आलेल्या बायका गार हवेत बसून गप्पा मारत असतात आणि मी त्यांच्या मधून फाईल घेऊन जाते.

गार्गी आता मे महिन्यात येते. सगळं बहरीन गावी जायच्या तयारीला लागतं तेव्हा माझी पोरगी इकडून तिकडे निघालेली असते, म्हणजे तिचं जाणं सगळ्यांच्या आधी. ती उंच झाली आहे, माझ्याही वर. तिची भाषा आता पक्की सांगलीची, आणि कुणी तिला पुण्याची म्हटलं तर ती चिडते. मी निर्णय बरोबर घेतला असं मला वाटतं. वाटतं, तरी रात्रीचं जेवण तिघांच्या अंदाजानं होतं आणि उरतं, आणि अजूनही मला ते शिळं खाताना वाईट वाटतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांतलं एक खोटं करायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

परवा विमानतळावर आम्ही लवकर पोचलो. निखिल गाडी लावायला गेला होता. गार्गीनं बोर्डिंग पास हातात घेतला, पाठीवरची पिशवी सारखी केली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"आई, रडायचं असंल तर आत्ता रडून घे. मी आत गेल्यावर रडलीस तर मी फोनवरनं काय करणार?"

मी रडणार नाही म्हटलं, आणि रडले. सगळ्यांदेखत, चष्मा काढून. ती घाई न करता माझ्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली, आमच्या दोघींत तीच मोठी असल्यासारखी. मी नाक पुसलं तेव्हा ती वाकून माझ्या तोंडाकडे बघत इथल्या अरबांसारखं म्हणाली, "खलास?"

"खलास," मी म्हटलं, आणि तिला सोडलं.